अंगणांतील आकाश

वाचनासाठीं शास्त्रभाग : उत्पत्ति १:१४–१९, ईयोब ३८:३१–३३, यिर्मया १०:१–५, आमोस ५:८.

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्याची ७ वी तारीख रविवारीं आली होती. त्या रात्रीं दहाच्या सुमारास पौर्णिमेच्या चंद्रास ग्रहण लागलें, अकरा वाजतां तो सबंध पृथ्वीच्या छायेंत गेला, आणि पुढें सवा तासाहून अधिक वेळ भट्टींतील विटेसारखा तांबूस झाला. तें ग्रहण आरंभापासून अखेरपर्यंत आपल्या सर्व देशांतून दिसण्याजोगें होतें. सकाळच्या उपासनेनंतर आम्हीं रेणापूरच्या मंडळीस सांगितलें होतें कीं, रात्रीं मुलांस उठवून अंगणांत आणा; ढग फांकले तर असा देखावा वारंवार मिळत नाहीं. आलीं किती? दोन घरचीं मिळून सात माणसें. बाकीच्या आळींत दारें लागलेलीं होतीं. आणि लाजेची गोष्ट ही कीं, मध्यें आम्ही पाणी पिण्यास घरांत गेलों, तों हंड्यांत तुळशीचें पान तरंगत होतें. आमच्या मातोश्रींनीं तें टाकलें होतें. त्यांचा बाप्तिस्मा होऊन चाळीस वर्षें झालीं, कितीएक स्तोत्रें त्यांस पाठ आहेत. परंतु ग्रहणाच्या रात्रीं पाणी तसेंच ठेवण्याचा धीर त्यांस झाला नाहीं. आम्ही कांहीं बोललों नाहीं. पान बाजूस करून पाणी प्यालों, आणि हा पाठ लिहावयाचें त्याच वेळीं मनांत घेतलें.

देव्हारा घराबाहेर काढावयास एक दिवस पुरतो. आकाशाचें भय मात्र आढ्यांत पिढ्यान्पिढ्या लपून राहतें. ग्रहण लागलें म्हणजे गर्भवतीस अंधाऱ्या खोलींत बसवावें, तिच्या हातीं विळी किंवा सुई देऊं नये, तिला घोटभर पाणीहि देऊं नये. तारा तुटतांना दिसला तर कोणी तरी दगावणार. शेंडेनक्षत्र निघालें तर मरी येणार. ह्या समजुती आपल्यांपैकीं कितीएकांनीं प्रभूकडे येतांना बरोबर आणल्या आणि अद्यापि टाकल्या नाहींत. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायाच्या आरंभीं देव आपल्या लोकांस जें सांगतो तें उपदेशकांनीं अशा प्रसंगीं वाचून दाखवावें. आसपासचीं राष्ट्रें आकाशांतील चिन्हांनीं घाबरतात, परंतु इस्राएलानें घाबरूं नये, असा त्याचा आशय आहे. हें ज्यांस सांगितलें त्यांच्यावर बाबेलची सत्ता येऊं घातली होती, आणि ग्रहणें टिपून ठेवणें व त्यांवरून राजाचें बरेंवाईट सांगणें हा तेथील दरबारचा धंदाच होता.

ह्याच्या उलट दुसरी चूक कांहीं उपदेशक बंधूंकडून होते. नक्षत्रांचीं नांवें घेणें म्हणजे जोशीपणा करणें असें समजून ते त्या विषयाकडे पाठ फिरवितात. त्यांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं आपलें मराठी पवित्र शास्त्र उघडून ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायांत व आमोसाच्या पांचव्या अध्यायांत पाहावें. कृत्तिका आणि मृगशीर्ष हीं नांवें तेथें छापलेलीं आढळतील. भाषांतर करणारांनीं कुणब्याच्या तोंडचींच नांवें घेतलीं. आमोस हा तकोवाचा मेंढपाळ होता व उंबराच्या झाडांची निगा राखीत असे. तो शाळेंत ज्योतिष शिकला नव्हता. रात्रीं कळप राखतांना जें डोक्यावर दिसे त्याचेंच नांव त्यानें घेतलें, आणि ज्यानें तें केलें त्याच्याकडे बोट दाखविलें. मात्र एक सांगणें अवश्य आहे : ईयोबाच्या ह्या ओळींत दुर्बिणीचें शास्त्र आधींच लिहून ठेवलें आहे असें कांहीं वक्ते म्हणतात, तसें आपण म्हणूं नये. ईयोबास जो प्रश्न विचारला आहे तो मनुष्याची शक्ति किती, हा आहे; आणि तो प्रश्न दुर्बिणीवांचूनहि पुरेसा जड आहे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत ज्योतींचें काम सांगितलें आहे तें असें कीं, त्यांनीं प्रकाश द्यावा आणि ऋतु, दिवस व वर्षें ह्यांची खूण असावी. म्हणजे आकाश हें आपलें घड्याळ आहे. घड्याळ भिंतीवर असतें, तें वेळ सांगतें. तें घरधन्यावर हुकूम चालवीत नाहीं. हा भेद आपल्या शेतकरी बंधूंस पावसाच्या नक्षत्रांवरून चांगला समजेल, म्हणून तो थोडा विस्तारानें सांगतों.

जूनच्या ७ किंवा ८ तारखेस मृग निघाला असें आपण म्हणतों आणि तिफणीची डागडुजी करतों. पण त्या दिवसांत मृग आकाशांत रात्रीं कोणी पाहिला आहे काय? तो मुळींच दिसत नाहीं. तोच मृग नाताळांत मात्र सबंध रात्र डोळ्यांपुढें असतो. ह्याचें कारण खळ्यावर समजतें. आतां मळणीयंत्रें आलीं, तरी खळ्याच्या मधोमध रोवलेला तिवडा व त्याच्याभोंवतीं फिरणारी बैलांची पात वडील माणसांस आठवत असेल. तिवड्यास एक कंदील टांगला आहे आणि खळ्याच्या चारी बाजूंस चार झाडें आहेत, पूर्वेस बाभूळ, दक्षिणेस निंब, पश्चिमेस आंबा व उत्तरेस चिंच, असें समजा. तुम्ही पश्चिमेच्या कडेस उभे राहून कंदिलाकडे पाहिलें तर त्याच्या पलीकडची बाभूळ उजेडाच्या दिपण्यामुळें दिसणार नाहीं. कंदिलाकडे पाठ केली कीं आंबा स्पष्ट दिसेल. अर्धा फेरा करून पूर्वेस आलां कीं आंबा कंदिलाआड गेला आणि बाभूळ पाठीशीं आली. कंदील हा सूर्य, फिरणारे आपण पृथ्वीवरचे लोक, झाडें हीं नक्षत्रें. जून महिन्यांत मृग सूर्याच्या पलीकडे असतो, म्हणून दिवसा सूर्याबरोबर उगवून त्याच्याबरोबर मावळतो. डिसेंबरांत तो सूर्याच्या समोरच्या बाजूस येतो. सूर्याची ही वाट जुन्या लोकांनीं २७ भागांत वांटली, आणि प्रत्येक भागास सूर्यास तेरा-चौदा दिवस लागतात. मृग, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य अशीं तीं नक्षत्रें पालटतात तीं ह्यामुळेंच. ही कालगणना उत्तम आहे. पेरणीची वेळ सांगण्यास तिचा उपयोग करण्यांत कांहीं पाप नाहीं.

परंतु वाहनाची गोष्ट निराळी. सूर्य नव्या नक्षत्रांत जातो त्या वेळीं चंद्र कोठें आहे तें पाहावयाचें, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजावयाचें, त्या संख्येस नवांनीं भागावयाचें, आणि बाकी राहील तीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती हें वाहन ठरवून त्यावरून पाऊस सांगावयाचा. आतां विचार करा. हा भागाकार रत्नागिरीस व रेणापुरास एकच येतो. पण रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि आमच्या लातूर जिल्ह्यांत सातशें-आठशेंच्या आसपास. बेडूक तोच, एकीकडे पोहतो, दुसरीकडे भेगाळलेल्या रानांत बसतो. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, त्याच्या आदल्या पावसाळ्यांतहि पंचांगांत प्रत्येक नक्षत्रास वाहन लिहिलेलें होतेंच. पाऊस समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांवर व हवेच्या दाबावर अवलंबून असतो. बाकीच्या आंकड्यास त्याची खबर नाहीं. तेव्हां नक्षत्राची तारीख घ्यावी व वाहन सोडून द्यावें.

असो. आतां दाराबाहेर येऊं. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे आकाश झांकलेलें असतें, म्हणून पाहणारानें आपलें वर्ष हस्त नक्षत्र सरल्यावर, ऑक्टोबरांत सुरू करावें. दुर्बीण नको. चौकांतल्या हायमास्ट दिव्याच्या आड एखादी भिंत घ्यावी, घोंगडी अंथरावी, मोबाइल खिशांत ठेवावा आणि वीस मिनिटें धीर धरावा; तितक्या वेळानें डोळ्यांस अंधार सरावतो व पहिल्यानें न दिसणारे तारे दिसूं लागतात. शेतीपंपास रात्रीची वीज येते म्हणून जे बंधु पाणी देण्यास रानांत जातात, ज्वारीची राखण करतात, किंवा ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडांत पहाटे तीन-चारला उठतात, त्यांस गांवांतल्या शिकलेल्या माणसापेक्षां कितीतरी मोठें आकाश फुकट मिळतें. पायांत जोडा व हातांत बॅटरी मात्र असावी; वर पाहणारानें खालचा साप विसरूं नये.

प्रत्येक तारा आदल्या रात्रीपेक्षां सुमारें चार मिनिटें लवकर उगवतो. महिन्यांत हे दोन तास होतात, आणि वर्षानें तो पुनः मूळ वेळेस येतो. शिवाय महिन्याचें नांवच पौर्णिमेचा चंद्र कोठें आहे तें सांगतें. कार्तिकी पौर्णिमेस चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, मार्गशीर्षांत मृगशीर्षाजवळ, पौषांत पुष्याजवळ, माघांत मघांजवळ, चैत्रांत चित्रेजवळ. शब्बाथशाळेंतील मुलांस एवढें सांगितलें तर बारा महिन्यांत बारा नक्षत्रें तीं आपलीं आपण शिकतील.

आरंभ कृत्तिकांपासून करावा. कार्तिकांत दिवेलागणीनंतर पूर्वेस हा बारीक ताऱ्यांचा पुंजका वर येतो. साधारण डोळ्यांस सहा तारे मोजतां येतात, तीक्ष्ण डोळ्यांस सात किंवा अधिक; घरांत कोणास किती दिसतात ह्याची पैज लावावी, आजोबा-आजींचे डोळे कोठवर आले तेंहि कळतें. हा पुंजका इतका दूर आहे कीं, त्याचा आज आपल्या डोळ्यांत पडणारा प्रकाश सुमारें ४४० वर्षांपूर्वीं निघाला. १५७९ सालीं फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास येऊन उतरले व पुढें त्यांनीं मराठींत क्रिस्तपुराण रचलें; त्यांच्या काळांत निघालेला उजेड आज रेणापुरास पोंचत आहे. प्रकाश एका सेकंदांत सुमारें तीन लाख किलोमीटर जातो, हें लक्षांत घेऊन मग आठव्या स्तोत्रकर्त्याचा प्रश्न वाचावा.

कृत्तिकांच्या मागून मृग येतो. नाताळच्या सुमारास दिवस मावळतांच तो पूर्वेस वर चढूं लागतो. चार कोपऱ्यांस चार ठळक तारे, हे हरणाचे पाय; मध्यें एका ओळींत तीन तारे, हा त्याच्या पोटांत घुसलेला बाण. एक पाय तांबूस व त्याच्या समोरचा निळसर पांढरा, हें नीट पाहिलें कीं दिसतें. बाणाची ओळ खालीं आग्नेयेकडे वाढविली म्हणजे व्याध सांपडतो. सर्व रात्रीच्या ताऱ्यांत तो अधिक तेजस्वी आहे, आणि त्याचा प्रकाश येण्यास साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. तीच ओळ उलट दिशेस नेली म्हणजे तांबडी रोहिणी व तिच्यापुढें कृत्तिका. आणखी एक उपयोगाची गोष्ट : मृगाच्या पोटांतील हे तीन तारे जवळजवळ नेमके पूर्वेस उगवतात व नेमके पश्चिमेस मावळतात. नवें घर बांधतांना किंवा शेताचा बांध आंखतांना दिशेविषयीं वाद पडला तर जोशाकडे जाण्याचें कारण नाहीं. डिसेंबरांत सायंकाळीं खुंट्या घेऊन उभें राहावें.

उत्तरेचा ध्रुव आपल्याकडे बराच खालीं असतो. रेणापूर विषुववृत्तापासून साडेअठरा अंश उत्तरेस आहे, म्हणून ध्रुवहि क्षितिजापासून साडेअठरा अंश उंच. हात पुढें ताठ धरून मूठ वळली तर ती सुमारें दहा अंश झांकते. दोन मुठी एकावर एक ठेवल्या कीं ध्रुव त्यांच्या माथ्याच्या किंचित् खालीं सांपडतो. उत्तर हिंदुस्थानांत तो अधिक उंच दिसतो आणि कन्याकुमारीस जवळजवळ जमिनीस टेकतो. पृथ्वी वाटोळी असल्याची ह्याहून सोपी साक्ष दुसरी नाहीं. त्याच्याभोंवतीं फिरणारे सप्तर्षि आमच्याकडच्या कांहीं वडील माणसांस बाज म्हणून ठाऊक आहेत : चार तारे बाजेचे खूर, आणि मागचे तीन चोर. दक्षिणेकडे ध्रुवाचा जोडीदार अगस्त्य. भाद्रपदांत पहाटे ढग फांकले तर तो आग्नेयेच्या बाजूस खालीं लुकलुकतो, आणि हिंवाळ्यांत रात्रीं दक्षिणेस येतो. त्याची सर्वांत मोठी उंची आपल्या गांवीं एकोणीस अंशांस थोडी कमी. म्हणजे आपल्या अंगणाच्या उत्तरेस ध्रुव व दक्षिणेस अगस्त्य, दोघेहि जवळजवळ सारख्याच उंचीवर उभे. लंडन शहरांतल्या माणसास अगस्त्य जन्मांत दिसत नाहीं.

दक्षिणेकडच्या आणखी एका तारकापुंजाविषयीं आम्हांस वारंवार विचारतात. एप्रिलच्या मध्यास रात्रीं अकराच्या पुढें, आणि मेच्या मध्यास साडेनवाच्या सुमारास, नेमक्या दक्षिणेस अगदीं खालीं चार तारे उभ्या क्रुसासारखे दिसतात. आपल्या देशांत त्यांस त्रिशंकु म्हणत. युरोपांतून दक्षिणेस आलेल्या ख्रिस्ती खलाशांनीं त्यांस क्रुसाचें नांव दिलें. वरचा तारा आपल्याकडे दीड मुठीच्या आंत असतो, खालचा एका मुठीहूनहि कमी. म्हणून झाडें व घरें आड न येणारी गांवकुसाबाहेरची माळ शोधावी. पृथ्वीचा आंस हजारों वर्षांत हळूहळू दिशा पालटतो, त्यामुळें जे तारे आज यरुशलेमेहून सगळे दिसत नाहींत ते प्रभूच्या काळीं तेथें दक्षिणेच्या डोंगरांवर थोडे वर येत असत. ही गोष्ट खरी आहे, गोडहि आहे. तथापि हे चार तारे एकमेकांपासून फार दूर आहेत, ते केवळ आपल्या जागेवरून एका आकृतींत दिसतात, आणि ते प्रभूच्या मरणाची निशाणी म्हणून तेथें ठेवलेले आहेत असें शास्त्रांत कोठेंहि सांगितलें नाहीं. त्यांचें चित्र काढून दारावर टांगूं नये. एक तोडगा काढून दुसरा बांधण्यास आम्ही हें सांगत नाहीं.

तारा तुटतो तें काय, हें पाहण्याची रात्र डिसेंबरची १३ वी. त्या रात्रीं व तिच्या पुढच्या पहाटेस मिथुन राशीच्या बाजूनें उल्का पडतात. ज्या वर्षीं चंद्र आड नसेल त्या वर्षीं काळोख्या रानांत मध्यरात्रीनंतर तासाभरांत पन्नासाहून अधिक दिसूं शकतात. पहाटे दोनच्या सुमारास त्यांचा उगम जवळजवळ डोक्यावर असतो. १९८३ सालीं शोधलेल्या फेथॉन नांवाच्या एका लहान ग्रहानें आपल्या वाटेवर जो चुरा सांडला आहे त्यांतून पृथ्वी दर वर्षीं त्याच दिवसांत जाते. बहुतेक कण ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान. एका सेकंदांत सुमारें ३५ किलोमीटर वेगानें हवेंत शिरून ते ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवर जळून जातात. ह्यांत ताऱ्याचें कांहीं जात नाहीं. ज्यांस खात्री हवी त्यांनीं आदल्या रात्रीं मृगाचे ठळक तारे मोजावेत, रात्रभर पडणाऱ्या उल्का मोजाव्यात, आणि दुसऱ्या रात्रीं मृगाचे तारे पुनः मोजावेत. आम्हीं एका वस्तींत मुलांकडून हें करवून घेतलें. मृग पुरता भरलेला पाहून एक मुलगा म्हणाला, ‘‘मग आजोबा गेले तेव्हां तुटला तो कोणता?’’ त्याच्या आजोबांच्या मरणाच्या रात्रीं घरच्यांनीं तारा तुटतांना पाहिला होता व तेव्हांपासून तो पोरगा अंगणांत झोंपत नसे. त्याला जवळ घेऊन बसावें लागलें. भीति घालविणें हें काम हिशेबानें सुरू होतें, पण हिशेबानें संपत नाहीं.

तारे मोजण्याविषयीं आणखी एक गोष्ट आमच्या प्रांताच्या अभिमानाची आहे. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याच्या राजधानींत नवाब जफर जंग ह्यांनीं १९०१ सालीं स्थापिलेली व १९०८ सालीं सरकारांत आलेली निजामिया वेधशाळा होती. १८८७ सालीं पॅरिस येथें जगांतील ज्योतिष्यांनीं सगळें आकाश वांटून घेऊन त्याचा छायाचित्रांनीं नकाशा करण्याचें ठरविलें होतें. त्यांतील कांहीं भाग हैदराबादेच्या वांट्यास आला आणि तेथील लोकांनीं वर्षानुवर्षें खपून साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजून छापल्या. तो आकाशाचा केवळ एक भाग. एकशें सत्तेचाळिसाव्या स्तोत्रांत देव ताऱ्यांची गणती करतो व त्यांस नांवें देतो असें म्हटलें आहे, तें वाचतांना ही लाखांची वही डोळ्यांपुढें आणावी.

आतां पुनः ग्रहणाकडे. चंद्रास स्वतःचा उजेड नाहीं. तो सूर्याचा उजेड परतवितो. पौर्णिमेस सूर्य, पृथ्वी व चंद्र एका ओळींत आले तर पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. कंदिलापुढें आपलें डोकें आलें तर भिंतीवर सावली पडते, तसेंच हें. पृथ्वीभोंवतालच्या हवेंतून वळून गेलेला थोडा तांबडा प्रकाश त्या सावलींत शिरतो, म्हणून चंद्र काळा न होतां तांबूस दिसतो. जगांतील सर्व सूर्योदय व सूर्यास्त ह्यांचा तो एकत्र उजेड आहे असें म्हटलें तरी चालेल. ह्या सावलींत विष नाहीं. पाणी नासत नाहीं, अन्न बाटत नाहीं, पोटांतील बाळाचा ओंठ फाटत नाहीं. उलट गर्भवती बहिणीस चार-पांच तास उपाशी व तहानेली अंधारांत बसविणें हेंच अपायकारक आहे. तिला जेवूं घालावें, औषध असेल तें वेळेवर द्यावें, आणि तिची इच्छा असेल तर अंगणांत खुर्ची टाकून चंद्र दाखवावा. घरांतील सासूबाईंनीं हें आपल्या हातानें केलें तर दहा उपदेशांचें काम होईल.

सूर्यग्रहणाविषयीं मात्र सावधगिरी हवी, पण ती राहूची नव्हे, डोळ्यांची. ग्रहणाच्या वेळींहि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये; काजळी धरलेली कांच, जुनी फिल्म, ताटांतलें पाणी ह्यांवर भरंवसा ठेवूं नये. निंबाखालीं किंवा चिंचेखालीं जमिनीकडे पाहावें. पानांच्या फटींतून पडलेले उन्हाचे ठिपके एरवीं वाटोळे असतात, ते ग्रहणांत चंद्रकोरीसारखे होतात. पुठ्ठ्यास टांचणीनें भोंक पाडून त्यांतून कागदावर ऊन घेतलें तरी तेंच दिसतें. विद्वान लोक ह्या प्रसंगीं दार लावून बसत नाहींत. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणांतून सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरावरून वऱ्हाडाकडे गेली, तेव्हां जेऊरास पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल साहेब आपापलीं यंत्रें घेऊन आले होते, व विजयदुर्गास इंग्लंडाहून नॉर्मन लॉकियर आले होते. सुमारें दोन मिनिटांच्या अंधारासाठीं हजारों कोसांचा हा प्रवास.

येथें उपदेशकांसाठीं एक टीप. प्रभु वधस्तंभावर असतां सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत देशभर अंधार पडला असें मत्तय सांगतो. तें सूर्यग्रहण होतें असें कोणी म्हटलें तर तें बरोबर नाहीं. सूर्यग्रहण अमावास्येसच होतें, आणि वल्हांडण पौर्णिमेच्या सुमारास असतो. शिवाय खग्रास स्थिति एका जागीं आठ मिनिटेंहि टिकत नाहीं. तेव्हां तो प्रसंग ग्रहणाच्या हिशेबांत बसत नाहीं, व बसविण्याची खटपटहि करूं नये.

हें सर्व सांगून झाल्यावर खेड्यांत एक प्रश्न हटकून येतो, आणि तो टाळणें बरें नव्हे : आकाशांत कांहींच लिहिलेलें नसतें, तर किल्लारी कां झाली? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिणेस जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गांवीं सुमारें दहा हजार माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. गणपतिविसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. त्या दिवशीं ग्रहण नव्हतें. चंद्र पौर्णिमेच्या जवळचा, पश्चिमेस आपल्या नेमल्या जागीं होता. धक्का खडकांत सांचलेल्या ताणामुळें खालून आला. माणसें मेलीं तीं बहुतेक जड माळवदांच्या घरांमुळें. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, त्यांचा दाखला प्रभूनें स्वतःच दिला. ते इतरांहून अधिक पापी होते असें समजूं नका, असें त्यानें सांगितलें (लूक १३). कां झालें ह्याचें सगळें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. मात्र जीं गेलीं त्यांच्या कपाळीं एखाद्या ग्रहाचा दोष चिकटवूं नये, इतकें तरी त्यांचें आपल्यावर ऋण आहे.

आतां पुढच्या एका रात्रीची तारीख वहींत टिपून ठेवावी. ३१ डिसेंबर २०२८ रोजीं, वर्षअखेरच्या उपासनेसाठीं आपण जमूं त्याच रात्रीं, खग्रास चंद्रग्रहण आहे. साडेआठनंतर चंद्राच्या कडेस सावली लागेल; पावणेदहाच्या सुमारास तो सबंध तांबूस होईल, आणि अकराच्या सुमारास त्याची पहिली उजळ कड पुनः दिसूं लागेल. बारा वाजतां सावली अगदीं शेवटच्या कडेवर आलेली असेल, आणि नव्या वर्षाचीं पहिलीं पांच-सहा मिनिटें होतां होतां चंद्र पूर्ण मोकळा होईल. त्या वेळीं तो आपल्या जवळजवळ डोक्यावर असेल. दक्षिणेकडे तोंड केलें तर व्याध उंच व त्याच्या खालीं अगस्त्य ऐन दक्षिणेस. मागें वळलें तर दोन मुठींच्या माथ्याशीं ध्रुव. पाळक व उपदेशक बंधूंनीं उपासनेची वेळ आतांपासून अशी योजावी कीं साडेनवास मंडळी बाहेर येईल. म्हाताऱ्या माणसांसाठीं मंदिराच्या अंगणांत बाजा व शाली असाव्यात, आणि पाण्याचे हंडे बाहेरच, उघडे ठेवावेत. आमच्या मातोश्री येण्यास कबूल झाल्या आहेत. पाणी प्यावयाचें कीं नाहीं तें तेव्हां पाहूं, असें म्हणतात.